तोकासाचे पाच मणी

दाढ उपटायला मनगट लागतं, दाढ भरायला माया लागते, असं तोकासाचं ठाम मत होतं, आणि ते ती दिवसातून चारदा तरी ऐकवायची. ऐकणाऱ्याच्या तोंडात त्या वेळी तिची दोन बोटं असायची, त्यामुळे कुणी उलट बोलल्याचं ऐकिवात नाही.

कांदावू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या नऊ गावांची ती दातवाली बाई. दवाखाना म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि ती पेटी वाहणारी नवऱ्याची होडी. गावात पोचलं की आधी मुखियाच्या घरी भेट म्हणून यांगोनाच्या पेयाची मुळं ठेवायची, मग शाळेचा एक बाक दाराशी उजेडात ओढायचा आणि उशीवर डोकं टेकवून एकेकाला आडवं करायचं. वीज नाही, फिरतं यंत्र नाही. हातातल्या अवजारानं कीड खरवडायची, काचेच्या तुकड्यावर चमचाभर भुकटी आणि एक थेंब औषध घोटायचं, आणि ते सिमेंट खड्ड्यात भरून बोटानं दाबून धरायचं. उन्हाळ्यात ते हातातच आवळायला लागतं, म्हणून काच आधी ओढ्याच्या पाण्यात बुडवून गार करायची. ही युक्ती तिला कुणी शिकवली नव्हती. बावीस वर्षांत हातच शहाणा झाला होता.

तिच्या आईचं चाळिशीतच बोळकं झालेलं. त्या काळी वर्षातून दोनदा लाँच यायची आणि जे दुखेल ते उपटून निघून जायची. आईला दात होते तेव्हा घरात कसाव्याचे उकडलेले कंद आणि मीठ. पुढे पोरं मिळवती झाली, भट्टीच्या खड्ड्यात दर रविवारी डुक्कर शिजायला लागलं, तेव्हा आई रस्सा चोखत बसायची आणि हाडं पोरांच्या ताटात सारायची. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ते हेच. तोकासाला त्या हाडांची चव कधी लागली नाही. राजधानीत, सुवाच्या दंतशाळेत दोन वर्षं शिकून ती परत आली ती एकच हट्ट घेऊन: आपल्या नऊ गावांत जी दाढ भरता येईल ती उपटायची नाही.

ऑगस्टात सुवाहून कागद आला. हातानं घोटायच्या सिमेंटची दंतशाळेत ताकद तपासली, ते कमी पडलं. नव्या वर्षापासून त्याचा पुरवठा बंद, आणि शेवटचा निर्णय होईपर्यंत गावांत दाढा भरू नयेत. दुखणाऱ्या दाढा काढणाऱ्याची फेरी येत्या सोमवारपासून सुरू होईल.

तोकासानं तो कागद धक्क्यावर उभ्यानं वाचला, मग मासळीच्या टोपलीवर बसून पुन्हा वाचला. नवरा होडीतून म्हणाला, "कोण गेलं?"

"कोणी नाही. मलाच मारलंय."

पुढच्या मंगळवारी ती ज्या गावाला जाणार होती तिथे बू मेलाइया, म्हणजे मेलाइया आजी, वाट बघत होती. मेलाइयाच्या तोंडात एकमेकींना भेटणाऱ्या दोनच दाढा उरल्या होत्या, एक वर, एक खाली, आणि खालचीला खड्डा पडला होता. ती गेली की म्हातारीचा कसावाही गेला. अशा मेलाइया नऊ गावांत किती होत्या ते तोकासाला तोंडपाठ होतं, तोंडं तिचीच होती.

तिनं आल्या बोटीनं सुवा गाठायचं ठरवलं. बरोबर पत्र्याची पेटी, यांगोनाची एक जुडी, आणि नारळाच्या दुधातली मासळी नि भाजलेला नीरफणस भरलेली टोपली.

दंतशाळेच्या प्रयोगशाळेचं दार उघडलं ते अपिसाईनं. तो तिथला सामान सांभाळणारा आणि यंत्र चालवणारा, रेवा नदीकाठच्या गावचा. दारातून आत यायचं तर त्यानं आधी बाहेर जायला हवं असा त्याचा देह. त्याच्या गावचा आणि तोकासाच्या गावचा मूळपुरुष एकच, म्हणजे हे दोघं एकमेकांचे ताऊवू. ताऊवूला काहीही बोलावं, त्याचं काहीही उचलावं. रागवायची, माफी मागायची आणि परत मागायची मात्र बंदी.

"सोब्बो! बेटावरचे अळूखाऊ आले," अपिसाई म्हणाला आणि बोलता बोलता टोपली त्याच्या हातात गेलीसुद्धा. "बोटीत उलट्या केल्यास की नाही?"

"केल्या ना. म्हटलं, तुझ्या गावच्या चिखलातल्या खेकड्यांनाही काहीतरी चांगलं खायला मिळू दे."

"मासळीत मीठ कमी आहे."

"मग ठेव खाली!"

"कमी आहे म्हटलं, नको नाही म्हटलं."

आतून डॉक्टर रोनीता गाउंडर आल्या. बारीक, चष्मेवाल्या, शब्द मोजून बोलणाऱ्या. तोकासानं यांगोनाची जुडी दोन्ही हातांनी पुढे धरली आणि रीतीप्रमाणे येण्याचं कारण सांगितलं. रीतीप्रमाणे सुरुवात झाली, शेवट मात्र भांडणात झाला. "आठ आठ वर्षं माझ्या भरलेल्या दाढा हाडं फोडतायत, डॉक्टर! तुमच्या यंत्राला कोणत्या दाढेनं चावलं?"

डॉक्टर रागावल्या नाहीत. "सिस्टर, मलाही ते आवडलेलं नाही. ते मणी मी स्वतः घोटले, कोणा विद्यार्थ्यानं नाही. बसा. आज सगळंच पुन्हा तपासू, तुमच्यासमोर."

मणी म्हणजे सिमेंटची इवलीशी नळकांडी, पोवळ्याएवढी. साच्यात भरायची, दिवसभर अंगाइतक्या कोमट पाण्यात ठेवायची आणि मग पोलादाच्या दोन चकत्यांमध्ये दाबत न्यायची, फुटेपर्यंत. फुटण्याच्या क्षणी पडद्यावर आकडा थांबतो. या जातीच्या सिमेंटची पाचांतली चार तरी शंभरावर फुटली पाहिजेत, हा नियम.

"शंभर म्हणजे किती?" तोकासानं विचारलं. आकड्यांशी तिचं फारसं पटत नसे.

"शंभर म्हणजे मी," अपिसाई छाती फुगवून म्हणाला. "एकशे अठ्ठावीस किलो. तसल्या एका मण्यावर मी एका पायावर उभा राहिलो, की शंभर."

"म्हणजे मणी फुटणार नाही, लाजेनं मरेल."

पण माप तिला पटलं. मग तिला मजाच वाटायला लागली. आधीपासून भिजत ठेवलेले मणी अपिसाईनं एकेक करून यंत्रात ठेवले. दाढेत भरायच्या चांदीचा पहिला. आकडा चढत गेला, चढत गेला, तीनशे ऐंशीला ठाप्पकन आवाज झाला. "पावणेचार अपिसाई!" तोकासा ओरडली. मग निळ्या दिव्याखाली पक्का होणारा दाताच्या रंगाचा मसाला: दोनशे सत्तर. मग यंत्रात हलवून घोटलेलं कुपीतलं सिमेंट: एकशे सत्तर. आणि शेवटी डॉक्टरांच्या हातचं साधं सिमेंट, तिचं सिमेंट. एक्क्याहत्तर. दुसरा मणी, एकोणऐंशी. तिसरा, चौऱ्याऐंशी.

"अख्खा अपिसाईही नाही," अपिसाई हळूच म्हणाला.

"चांदी पाठवता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्यात पारा असतो, ती आता बंदच होत चाललीय, आणि तिला दाढ कोरायला यंत्र लागतं. दिव्याला आणि कुपीला वीज लागते. तुमच्यासारख्यांना चालेल असं हे एकच होतं, सिस्टर. पण चाळीस बेटांवर फुटणारं सिमेंट मी कसं पाठवू?"

"मला घोटू द्या," तोकासा म्हणाली.

"घोटा. पण इथल्याच सामानानं. सगळ्यांना नियम सारखा."

तोकासानं काच गार करून मागितली, बाह्या सरसावल्या आणि बाटली उघडली. एक चमचा भुकटी, एक थेंब. घोटायला सुरुवात केली आणि तिसऱ्याच फेऱ्याला मनगट थबकलं.

"ही पेज आहे," ती म्हणाली.

"काय?"

"पेज! आजाऱ्याला पाजतात ती. हे सिमेंट नाही. सिमेंट पात्याला ओढ देतं, हे ओघळतंय."

"एक चमचा, एक थेंब. पत्रकात तेच लिहिलंय."

तोकासानं चमचा उचलून डोळ्यांपाशी धरला. "हा चमचा ह्या डब्यातला नाहीच. हा दातावर टोपी चिकटवायच्या सिमेंटचा. ते पातळच लागतं, म्हणून चमचा लहान. ह्या डब्यातला याच्या दीडपट असतो, आणि त्याच्या दांड्यावर खाच असते."

डॉक्टरांनी अपिसाईकडे बघितलं. अपिसाईनं मान खाजवली. "खाचवाला हरवला, डॉक्टर. गेल्या वर्षी बेटांवरच्या लोकांचं शिबिर झालं ना, त्याच आठवड्यात. सगळी कपाटं पालथी घातली. मग हा मिळाला. म्हटलं, चमचा तो चमचा."

"चमचा तो चमचा?" तोकासाचा आवाज पार व्हरांड्यात गेला. "अरे चिखलखेकड्या, एका चमच्यापायी माझ्या नऊ गावांच्या दाढा तू पक्कडीत दिल्यास? लाज नाही वाटत, सरकारी सामान..."

आणि ती मध्येच थांबली. तोंड उघडंच राहिलं.

तिला आपलं स्वयंपाकघर दिसलं. चुलीशेजारचा खिळा. खिळ्याला लटकलेला, दांड्याला खाच असलेला चमचा, ज्यानं ती रोज सकाळी पुऱ्यांच्या पिठात सोडा मोजायची. गेल्या वर्षी शिबिरात अपिसाईनं तिची छत्री लांबवली होती. ताऊवूचा हिशोब पुरा करायला तिनंही त्याच्या टेबलावरचं हाताला येईल ते उचललं आणि ब्लाऊजमध्ये सारलं. तिच्या स्वतःच्या पेटीत तसाच दुसरा चमचा होता, त्यामुळे तो काय आहे याचा तिनं पुन्हा विचारही केला नाही. उलट महिनाभर शेजारणींना बोलावून दाखवला, "बघा, रेवावाल्याला लुटलं!" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या तिच्या एवढ्या खणखणीत बोंबा प्रयोगशाळेनं कधी ऐकल्या नसतील.

खोटं कशाला सांगा, तिला मोह झाला. पेटीतला आपला चमचा काढायचा, पाच मणी घोटायचे, शंभराच्या पार न्यायचे. म्हणतील, तोकासाच्या हातात जादू आहे, तिच्या गावांचं सिमेंट चालू ठेवा. पण मग बाकीच्या बेटांचं काय? तिथे तोकासा नव्हती, आणि तिथल्या म्हाताऱ्यांनाही दोन दोनच दाढा होत्या.

"डॉक्टर," ती म्हणाली, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज बारीक निघाला, "तो चमचा माझ्याकडे आहे."

"पेटीत?"

"घरी. चुलीपाशी. मी नेला होता. ह्याच्या टेबलावरून."

अपिसाई हसायला लागला. आधी खांदे हलले, मग पोट, मग टेबल. हसता हसता तो जमिनीवर बसला आणि बसल्या बसल्या मांडी थोपटायला लागला. "मी कपाटं... चार दिवस... कपाटं... आणि ही सोडा मोजतेय!"

"मी तुझी माफी मागणार नाही," तोकासा रडवेल्या आवाजात म्हणाली.

"मागून तर बघ! गावात तोंड दाखवता येणार नाही तुला."

डॉक्टर गाउंडर आळीपाळीनं दोघांकडे बघत होत्या. त्यांच्या घरात ताऊवू नव्हते. त्यांच्याकडे चोरी झाली की चोरी म्हणत. "अपिसाई, ही चोरी आहे. मला लिहावं लागेल."

"चोरी कसली, डॉक्टर? ताऊवूनं नेलं ते गेलं. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार केली तर माझे आजोबा थडग्यातून उठून येतील."

"मग आधीच्या मण्यांबद्दल अहवालात काय लिहू?"

अपिसाईनं डोळे पुसले. "लिहा: मापाचा चमचा नात्यात गेला होता."

डॉक्टरांनी पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं, आणि अगदी गंभीरपणे तेच लिहिलं. मग तोकासाकडे वळून म्हणाल्या, "सिस्टर, तुमचा चमचा काढा. पण एक सांगून ठेवते. योग्य मापानंही चार मणी शंभरावर गेले नाहीत, तर माझा कागद आहे तसाच राहील."

तोकासानं पाच मणी घोटले. आता पात्याला ओढ होती, काचेवर लकाकी होती, आणि हाताला आपली लय सापडली होती. फक्त तिसरा मणी भरताना अपिसाई कोपऱ्यातून "सोडा!" म्हणाला आणि तिला फस्सकन हसू आलं. मणी कोमट पाण्यात गेले. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. तसंही टोपली रिकामीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी फुटलेली होती. व्हरांड्यातले विद्यार्थी, झाडूवाली, दाढ धरून आलेले दोन रुग्ण, सगळे यंत्राभोवती. अपिसाईनं पहिला मणी ठेवला.

एकशे चोवीस. टाळ्या पडल्या.

दुसरा, एकशे एकतीस. झाडूवालीनं कमरेवर हात ठेवून एक गिरकी घेतली.

तिसरा सत्तरलाच करकरला आणि अठ्ठ्याऐंशीला फुटला. डॉक्टरांनी तुकडा भिंगाखाली धरला. "आत हवेचा बुडबुडा राहिलाय." हसण्याचा बुडबुडा होता तो. तोकासानं अपिसाईकडे असं बघितलं की ताऊवू नसता तर तिथेच त्याचा एखादा दात गेला असता.

चौथा, एकशे एकोणीस. आता सगळं पाचव्यावर. अपिसाईनं तो चिमट्यानं उचलला आणि म्हणाला, "हा पडला तर तुझी होडी माझी."

"हा पडला तर होडी घेऊन मी करू काय?"

आकडा चढू लागला. पन्नास. सत्तर. ऐंशी. तोकासानं डोळे मिटले आणि जबडा आवळला, जणू दाढ तिचीच होती. नव्वद. पंच्याण्णव. कुणीतरी मोठ्यानं मोजायला लागलं, मग सगळेच. अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, "अपिसाई!" सगळे एकदम ओरडले, आणि आकडा पुढे चालतच राहिला, अपिसाईच्या खांद्यावर अळूच्या कंदांचं पोतं चढवून एकशे सत्तावीसवर जाऊन थांबला.

मग काय झालं ते नीट कुणालाच सांगता येत नाही. झाडूवाली गात होती. अपिसाईनं तोकासाला उचललं होतं, आणि तिला कुणी उचलण्याची ही तिच्या लग्नानंतरची पहिलीच वेळ. डॉक्टर गाउंडरनी चष्मा काढला होता आणि त्या तो पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

"तरी सगळ्यांत शेवटचाच नंबर आहे हो तुमच्या सिमेंटचा," एक विद्यार्थिनी म्हणाली. "चांदीच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच."

"असू दे की. चांदी कधी होडीत बसून आलीय का आमच्याकडे?"

कागद रद्द झाला. नवा कागद निघाला, त्यात खाचवाल्या चमच्याचं चित्रच काढलं होतं. तोकासा मंगळवारी सकाळी पेटी घेऊन मेलाइयाच्या गावाच्या किनाऱ्यावर उतरली, आणि उतरता उतरता तिचा आनंद आटला. सोमवार होऊन गेला होता. पक्कडवाल्याची फेरी काल इथे येऊन गेली असणार. आता शाळेच्या दारात गालात कापूस धरलेल्या बायका दिसतील, आणि त्यांना एकशे सत्तावीस सांगून काय उपयोग?

मुखिया धक्क्यावर भेटला. "काल आला होता तो. दिवसभर बसला बिचारा. एक दाढ मिळाली नाही. म्हणाला, एवढं निरोगी गाव मी पाहिलं नाही."

"आणि बू मेलाइया?"

त्यानं शाळेकडे हनुवटी केली. दाराशी बाक उजेडात ओढून ठेवलेला होता. बाकावर मेलाइया, गाल सुजलेली, मांडीवर उशी घेऊन. तिच्यामागे चटईवर ओळीनं बायका बसल्या होत्या.

"बू, काल कुठे होतीस?"

"कसाव्याच्या मळ्यात. सगळ्या तिथेच होतो, अकरा जणी. लाँच दिसली आणि पळालो. संध्याकाळी ती गेली तेव्हा घरी आलो."

"दिवसभर? दाढ ठणकत असताना?"

"ठणकत होती ना. आळीपाळीनं रडत होतो. एक रडायला लागली की बाकीच्या हसायच्या."

तोकासानं हात धुतले. बराच वेळ धुतले. "बू, मी नापास होऊन आले असते तर? सिमेंट बंदच झालं असतं तर काय केलं असतंस?"

"काय करणार? आज काढून घेतली असती," मेलाइया उशी नीट करत म्हणाली. "पण तुझ्या हातानं."

तोकासाचे हात ओले होते, म्हणून तिनं खांद्यालाच डोळे पुसले, आणि म्हणाली, "आ कर."